कडुलिंबापासून चांदीचे नॅनोकण : हिवतापविरोधी चाचणीसाठी नमुना कसा तयार करावा

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००४ साली कडुलिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे आणि चांदीचे नॅनोकण, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जांश भागात) मोजले जाणारे अतिसूक्ष्म कण, तयार केल्याचे प्रसिद्ध केले. चांदीच्या कणांची कृती महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही जमते. मात्र हे कण संशोधनाचा नमुना आहेत, औषध नव्हे, आणि ते कोणीही पोटात घेऊ नयेत.

दहा ग्रॅम ताजी पाने ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावीत, चिरून तशाच १०० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे उकळावीत आणि काढा निवल्यावर गाळणकागदातून गाळावा. नळाचे पाणी कोठेही वापरू नये, कारण त्यातील क्लोराइडमुळे पुढे चांदीचा क्षार मिसळताच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. पाने कोणत्या झाडाची व कोणत्या महिन्यातली हे वहीत लिहावे. ऋतूप्रमाणे पानातील द्रव्ये बदलतात. मग १०० मिलिलिटर पाण्यात १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट (चांदीचा क्षार) विरघळवावे. त्याचे त्वचेवर काळे डाग पडतात, म्हणून हातमोजे घालावेत. या द्रावणाच्या नऊ भागांत एक भाग काढा मिसळून मिश्रण अंधारात ठेवावे. रंग तपकिरी झाला आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या यंत्रावर) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचे शिखर दिसले, की कण तयार झाल्याचा पहिला पुरावा मिळतो. कणांचा आकार पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शेवटी सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्राने) कण वेगळे करून तीनदा धुवावेत.

खरा कस येथून पुढे लागतो. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा परजीवी मानवी तांबड्या रक्तपेशींत वाढवावा लागतो आणि ते काम योग्य जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेकडेच सोपवावे. तेथे कणांसोबत नुसता काढा, नुसते सिल्व्हर नायट्रेट आणि ज्ञात औषध म्हणून क्लोरोक्विन, असे तिन्ही नमुने पाठवावेत; ते नसतील तर परजीवी कणांमुळे मेला, पानातील एखाद्या द्रव्यामुळे मेला की सुट्या चांदीच्या आयनांमुळे, हे सांगताच येत नाही, आणि माझ्या मते असा निकाल प्रसिद्ध करू नये. निरोगी रक्तपेशींवरची चाचणीही तितकीच आवश्यक आहे, कारण कणांनी पेशीच फोडली तर आतला परजीवी मरणारच, पण त्याला उपचार म्हणता येणार नाही. म्हणून परजीवींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा आणि मानवी पेशी निम्म्या मारणारी मात्रा, दोन्ही मोजून त्यांचे गुणोत्तर निकालाशेजारीच नोंदवावे.