खाणीखालच्या नाल्याचे पाणी ओलिताला घेण्याआधी

पाऊस ओसरला की खुल्या कोळसा खाणींत साचलेले पाणी पंपाने उपसले जाते. वणी, माजरी, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात ते नाल्यांवाटे वर्धा नदीकडे जाते. ऑक्टोबरात नाल्याला पावसाचे पाणी असल्याने क्षार विरळ असतात, जानेवारीनंतर मात्र बऱ्याच नाल्यांत मुख्यतः उपशाचेच पाणी उरते. म्हणून दिवाळीच्या सुमारास घेतलेल्या एकाच नमुन्यावर विसंबू नका. हरभरा पेरण्याआधी एक आणि जानेवारीच्या मध्यात दुसरा नमुना घ्या.

कोळशाच्या थरात लोह-गंधकाचे खनिज (पायराइट) असते. त्याला हवा-पाणी लागले की गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह सुटते. खडकात चुना असेल तर आम्ल मरते आणि सामू (पीएच) ७-८ दिसतो, पण सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यातच राहतात. नुसती सामूची पट्टी बघून पाणी चांगले ठरवणे इथेच फसते.

नमुने तीन जागी घ्या: खाणीचे पाणी मिळते त्याच्या वर, मिसळल्यानंतर खाली (दोन्ही प्रवाह पुरते एक झाल्यावर) आणि तुमच्या मोटरच्या फुटव्हॉल्व्हजवळ. वरचा नमुना नसेल तर दोष खाणीचा की मुळातल्या पाण्याचा, हे कळत नाही. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. तोंड प्रवाह येतो त्या दिशेला धरून, तळाचा गाळ न ढवळता, काठोकाठ भरा. कीटकनाशकाची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. लोह-मँगनीजसाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली आणा; ती मात्र विसळायची नाही. तारीख, वेळ आणि पंप चालू होता की बंद, हे बाटलीवर लिहा. बर्फात ठेवून २४ तासांत पोहोचवा.

माती परीक्षण प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पाणी अहवालात सल्फेट, लोह, मँगनीज बहुधा नसतात. अर्जावर ते नावाने लिहून मागा.

खिशातला टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार दाखवणारा) उपयोगी आहे, पण त्याचा आकडा विद्युत वाहकतेत वाचा; पीपीएमचे गुणक कंपनीगणिक वेगळे असतात. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत फारशी काळजी नाही. २.२५ च्या वर ते पाणी काळ्या जमिनीला नकोच. मधल्या पट्ट्यात पीक ठरवते: हरभरा, जवस, मिरची, कांदा लवकर दबतात, गहू आणि ज्वारी जास्त सोसतात. विहिरीचे पाणी ०.६ आणि नाल्याचे २.४ असेल, तर निम्मे-निम्मे मिसळून १.५ मिळते.

ठिबकवाल्यांनी एक साधी चाचणी करावी. पाणी पारदर्शक बाटलीत थोडी हवा ठेवून भरा, हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ बसला तर लोह आहे. ते नाल्यात दिसत नाही, हवा लागल्यावर गंजते आणि ड्रिपरमध्ये जमते. लोह लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की नळ्या चोंदतात. ते पाणी आधी शेततळ्यात उंचावरून पाडा आणि गाळ बसू द्या. काळा, न बसणारा गाळ दिसला तर ती कोळशाची भुकटी. तिला वाळूचा फिल्टर लागतो.

जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) सरसकट टाकू नका. आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारे कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तरच त्याचा विचार करा: दर एक मिलिइक्विव्हॅलंट कमी करायला एकरी ७.५ सेंटिमीटरच्या एका पाळीला साधारण २६ किलो शुद्ध जिप्सम लागतो. कॅल्शियम-सल्फेटने भरलेल्या खाणपाण्यात तो टाकणे म्हणजे मिठागरात मीठ नेणे.

सल्फेट लिटरला १,००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी जनावरांना पाजू नका, हगवण लागते.

तक्रार करायची असल्यास तुमचा अहवाल जोडा, पण १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे न्यायालयात ग्राह्य धरला जातो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुना. मंडळाच्या माणसांना उपसा सुरू असतानाच बोलवा.