लिनक्सवर सीडी रिप करताना वाचन अडकले तर

सीडी रिप करायची, म्हणजे तिच्यातली गाणी संगणकावर फाइल म्हणून उतरवायची, तर वापरकर्ता ‘सीडीरॉम’ या ड्राइव्ह वापरण्याची परवानगी असलेल्या गटात असावा आणि सीडी फाइल मॅनेजरमध्ये उघडलेली नसावी. गाण्यांची नावे येत नसतील, तर सेटिंगमध्ये फ्रीडीबी या नावे पुरवणाऱ्या ऑनलाइन सूचीऐवजी म्युझिकब्रेन्झ ही सूची घालावी. फ्रीडीबी २०२० सालीच बंद झाले.

खरा घाम निघतो तो मधल्याच ट्रॅकवर वाचन अडकते तेव्हा. ‘दुसरे सॉफ्टवेअर वापरा’ हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो आणि तो मला अजिबात मान्य नाही, कारण असंडर, के३बी आणि एबीसीडीई या रिपिंग सॉफ्टवेअरची रूपे वेगळी असली, तरी सीडी वाचण्याचे काम साधारणपणे आतला सीडीपॅरानोया हा प्रोग्रामच करतो. तेव्हा टर्मिनलमध्ये तोच चालवून प्रगतीपट्टी पाहावी. उणेचे चिन्ह म्हणजे वाचनाची जागा किंचित सरकली होती, पण ती दुरुस्त झाली. ‘व्ही’ अक्षर म्हणजे दुरुस्त न झालेली चूक.

फोंड्याजवळच्या आमच्या गावी जत्रेत झालेल्या संगीत नाटकाची घरी बर्न केलेली सीडी मी ऐन जुलैत रिप करत होतो. ड्राइव्ह रात्रभर कुरकुरला. सकाळी फाइल तयार होती, पण पट्टीत तीन ‘व्ही’ होते आणि नेमक्या तानेत टकटक ऐकू येत होती. सीडी उजेडात तिरकी धरली, तेव्हा पांढुरके ठिपके दिसले. ते ओरखडे नव्हते, पावसाळ्यातली बुरशी होती. साबणाच्या थेंबभर पाण्याने मऊ सुती कापड ओले करून मधून कडेकडे सरळ पुसावे. गोल फिरवून कधीही पुसू नये. त्या दिशेने पडलेला ओरखडा माहितीच्या रेषेलाच समांतर जातो आणि त्याची दुरुस्ती फार कठीण होते. लेबलची बाजू तर घासूच नये.

एवढ्यानेही भागले नाही, तर वाचनाचा वेग ४ पटीवर आणावा आणि सीडीपॅरानोयाच्या ‘कॅपिटल ए’ या पर्यायाने ड्राइव्हची कॅशे, म्हणजे वाचलेली माहिती तात्पुरती ठेवणारी स्मृती, तपासावी. सीडीपॅरानोया तोच भाग पुन्हा वाचून ताडून पाहतो. ड्राइव्हने दुसऱ्यांदा कॅशेतलीच माहिती दिली, तर चूकही बरोबर ठरते. या चाचणीत नापास झालेला ड्राइव्ह बदलावा.

‘कॅपिटल झेड’ हा पर्याय सुचवणाऱ्यांचे ऐकू नये, कारण त्याने सगळी पडताळणीच बंद होते. ‘स्मॉल झेड’ चूक वगळू देत नाही, म्हणून त्यासोबत प्रयत्नांची मर्यादा द्यावी. ‘स्मॉल झेड’ नसताना ही मर्यादा २० असते.

रिप अचूक झाले का हे इतरांच्या रिपशी ताडून सांगणाऱ्या अ‍ॅक्युरेटरिप या ऑनलाइन सूचीत घरी बर्न केलेल्या सीडीची नोंद मिळत नाही. म्हणून त्याच ड्राइव्हवर, मध्ये सीडी बाहेर काढून, दोनदा रिप करावे आणि दोन्ही वेव्ह फाइलींचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या माहितीवरून काढलेले ओळख-अंक, जुळवावेत. वेगळ्या ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे वाचन सुरू होण्याच्या जागेतला किंचित फरक, वेगळा असल्याने तिथे निर्दोष फाइलींचेही चेकसम जुळत नाहीत.