चवथीला गावी जाताय? दाराकडे एकदा बघा
चवथ (गणेश चतुर्थी) आली की आमची फोंड्यातली बिल्डिंग निम्मी रिकामी, सगळे दीड नाहीतर पाच दिवस मूळ घरी, आणि इथे दाराशी पेपरचा ढीग नि कडीला पोदेराने (पाववाल्याने) अडकवलेली पावांची पिशवी तशीच, म्हणजे घर बंद आहे हे चोराला आपणच सांगतो ना! पेपर, दूध, पाव आधीच बंद करायला सांगा. बाहेर लटकणाऱ्या कुलपापेक्षा दारातलं लॅच बरं, लांबून कळत नाही. शेजारच्या काकूंकडे नंबर द्या, माटोळीचे (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीचे) फोटो स्टेटसला परत आल्यावर टाका (राहवत नाही, माहितेय). आणि मागे राहिलेल्यांनो, रात्री बंद फ्लॅटमधून खुडबुड ऐकू आली तर ग्रुपवर ‘कोण आहे?’ विचारत बसू नका, सरळ 112 हा इमर्जन्सी नंबर लावा.