कुटकीच्या कापणीचं चित्र काढताय? या चुका टाळा

मेळघाटातल्या कुटकीच्या, म्हणजे बारीक दाण्याच्या एका भरडधान्याच्या, कापणीची चित्रं मी बरीच वर्षं काढतोय आणि शिकवतोय. शाळेची भिंत असो, बचत गटाचं दुकान असो की कॅनव्हास, नवशिके चुका त्याच करतात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. तेव्हापासून अशा चित्रांना मागणी वाढली आणि त्याबरोबर चुकाही वाढल्या. तोंडी सांगून थकलो, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुटकी म्हणून गहू काढणं. कापणी म्हटलं की हात आपोआप जाड, कुसळांची, ताठ उभी ओंबी काढायला लागतो. माझ्याकडूनही हेच झालं होतं. चिखलदऱ्याच्या बाजूला एका शाळेची बावीस फुटांची भिंत आम्ही चौघांनी तीन दिवसांत रंगवली. चौथ्या दिवशी शेजारच्या घरातली एक आजी येऊन उभी राहिली, इथल्या कोरकू आदिवासींपैकी. बराच वेळ पाहून तिनं विचारलं, "मास्तर, हा गहू कोनाच्या वावरातला होय?"

मी म्हटलं, "आजी, कुटकी हाय ना हे."

ती काही बोलली नाही. घरी गेली, एक पेंढी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली.

पांढऱ्या कागदावर ठेवून मी ती पेंढी उन्हात पाहिली. काडी सुतासारखी बारीक. तुरा मोकळा, वीतभराहून थोडा मोठा, फांद्याफांद्यांचा आणि दाण्यांच्या भारानं झुकलेला. कुसळ नावालाही नाही. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, करडा-तपकिरी, तुकतुकीत. आम्ही भिंतभर फासलेला क्रोम यलो त्या पेंढीत कुठंच नव्हता. शेताचा सगळा भाग प्रायमर मारून झाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोरं कुरकुरली, पण दुसरा इलाज नव्हता.

तेव्हापासून पेंढी समोर असल्याशिवाय मी ब्रश ओला करत नाही. मोबाइलवर शोधलेल्या फोटोवर भागवू नका. त्यात बाजरीचं कणीस निघतं, नाहीतर नाचणी. काडी बारीक लांब केसांच्या ब्रशनं खालून वर, एका दमात ओढा. दाणे शेवटी, टिंबाटिंबांनी. पुढची पंधरा-वीस झाडं नीट काढा आणि मागचं शेत सुक्या ब्रशनं घ्या, नाहीतर चित्र जन्मभर पुरं होणार नाही. कोदो, म्हणजे दुसरं भरडधान्य, काढायचा असेल तर पेंढीही कोदोचीच आणा. त्याच्या देठाला बोटं फुटल्यासारखी दोन-चार कणसं असतात आणि दाणे एका अंगाला दाटीनं बसलेले असतात.

रंगासाठी मी यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट अंबर आणि नखभर हिरवा घालतो. चित्र रंगीबेरंगी करायचं म्हणून पिकावर ट्यूबमधला पिवळा ओतू नका. त्याच दिवसांत उतारावर जगनी फुललेली असते, म्हणजे आपलं कारळं. चटक पिवळा तिथं मनसोक्त लावा.

दुसऱ्या चुकीनं तर माझं डोकंच उठतं. गेरूवर पांढऱ्या रंगात दोन त्रिकोणांची माणसं, काडीचे हातपाय, मधोमध तारपा वाजवणारा आणि भोवती फेर. ही वारली लोकांची, पालघर-ठाण्याकडची चित्रकला. जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिचा मान मोठा आहे, आणि म्हणूनच ती तिकडून उचलून सातपुड्यात चिकटवायची नसते. तारपा हे मेळघाटातलं वाद्य नाही. कोरकूंचं स्वतःचं गदली-सुसून हे नृत्य आहे, त्यांची स्वतःची भाषा आहे, समोरासमोर दोन रांगांत वसलेली गावं आहेत. हे सगळं डोळ्यांसमोर असताना साचा कशाला लागतो? एका सकाळी वावरात जाऊन बसा. डाव्या मुठीत झाडं धरून उजव्या हातानं विळा ओढताना बाईची पाठ कशी वाकते, लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट कसा चढवलेला असतो, हातावर गोंदण कुठं असतं, ते पाहा आणि तेच काढा. नऊवारी, नथ आणि चंद्रकोर कॅलेंडरातच राहू द्या. साच्यावरून अर्ध्या तासात चित्र होतं असं पोरं अभिमानानं सांगतात. मी ती चित्रं तपासायलाही घेत नाही.

आणखी एक. कोरकूंनी मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव लाकडी खांब, म्हणजे मुंडे, कापणीच्या चित्रात शोभेला घालू नका. ते दुःखाचं आणि श्रद्धेचं ठिकाण आहे.

पळस फुलतो फाल्गुनात आणि कुटकी निघते भाद्रपद-आश्विनात. दोन्ही एका चित्रात नकोत. मागचा सागही तेव्हा हिरवाच असतो, त्याची पानं झडलेली दाखवू नका.

खळ्यावर लांब शिंगांची खिल्लारी जोडी नको, ती पश्चिम महाराष्ट्रातली. गावातले लहान चणीचे बैल काढा आणि तोंडाला मुसकं बांधायला विसरू नका.

उपणताना भुसा वाऱ्याच्या दिशेनं उडतो आणि दाणा सरळ खाली पडतो. दोन्ही एकाच बाजूला उडालेले मी कितीदा तरी पाहिलेत.

काळी बाह्यरेषा आधी काढू नका. आत रंग भरताना ती माखते.

राहिली भिंत. चित्र सगळ्यांना कापणीच्या दिवसांतच हवं असतं आणि नेमकी तेव्हाच भिंत पावसाचं पाणी पिऊन बसलेली असते. तशा भिंतीवर, त्यात भुकटी सुटणाऱ्या चुन्यावर, थेट ॲक्रिलिक मारला की उन्हाळ्याआधी पापुद्रे सुटतात. चुना खरवडून काढा. संध्याकाळी हातभर प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. सकाळी आतून दव दिसलं तर आठ दिवस थांबा आणि पुन्हा पाहा. मी तर आश्विनात फक्त स्केच करतो, दोन पेंढ्या मागून आणतो, त्या कोरड्या जागी टांगून ठेवतो आणि रंगाचा डबा दिवाळीनंतर उघडतो.