मागची फळी बदलल्यावर इंजिन लायनीत कसं घ्यावं

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णै असो, मिरकरवाडा असो की देवगड, वर ओढलेल्या बोटींची कुजकी फळी बदलायची ती याच दिवसांत. फळीचं काम चोख होतं, रंग लागतो, आणि जुलै संपता संपता कोणीतरी म्हणतं, "इंजिनाला कुठे हात लावलाय? होतं तसंच जोडून टाका." जोडू नका. इंजिन जागचं हललं नसेल, पण ते ज्यात बसलंय ती बोट हललेली असते. मागच्या फळ्या काढल्या की बोट टेकूंवर थोडी बसते, थोडी फाकते, आणि नवी फळी त्याच बदललेल्या आकारात पक्की होते. स्टर्न ट्यूबचं, म्हणजे पंख्याचा दांडा (शाफ्ट) ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिचं, तोंड एखाद-दोन मिलिमीटर फिरलं तरी पुढचं सगळं चुकलं. मग ग्लँड (शाफ्टभोवतीची, पाणी आत येऊ न देणारी बंदिस्ती) तापतो, त्यातलं पॅकिंग टिकत नाही, गिअरबॉक्सचं मागचं सील तेल गाळायला लागतं, आणि दोष मात्र सीलला जातो.

हे सगळं सरळ शाफ्टच्या डिझेल बोटींबद्दल आहे. ज्या स्पीडबोटींचं इंजिन थेट ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला, जोडलेलं असतं, त्यांना त्या ड्राइव्हची ठरलेली अलाइनमेंटची सळई लागते. ती कुणाकडून तरी मागून आणा. मिळेल तो पाइप खुपसून बघू नका.

बोट जमिनीवर असताना काम फक्त जवळपास आणायचं. शाफ्ट काढून खराद्याकडे सरळपणा तपासून घ्या. स्टर्न ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या मध्यातून बारीक पोलादी तार ताणून गिअरबॉक्सच्या फ्लँजपर्यंत (शाफ्ट जोडायच्या गोल चकतीपर्यंत) आणा. तंगूस वापरू नका, ती झोळ खाते. तार फ्लँजच्या मध्यापासून इतकी दूर जात असेल की माउंटच्या, म्हणजे इंजिनाच्या पायांच्या, आट्यांत तो फरक बसणारच नाही, तर इंजिनाचा बेड दुरुस्त करा. शिमवर शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) रचून उंची गाठणं हा उपाय नव्हे. लाकडाच्या चकत्या तर मुळीच नकोत, त्या दबतात.

शाफ्ट बसवा, बोट पाण्यात सोडा आणि थांबा. फायबरची असेल तर किमान एक दिवस, लाकडी असेल तर फळ्या फुगेपर्यंत चांगले काही दिवस. टाक्या अर्ध्या भरा, जाळी जागेवर ठेवा. आणि भरती बघून काम काढा. आपल्या खाड्यांत ओहोटीला बोट गाळात टेकते; टेकलेल्या बोटीवर घेतलेलं माप तरंगत्या बोटीला लागू पडत नाही.

आता खरी गोम. कपलिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सची आणि शाफ्टची फ्लँज जोडणारे, बोल्ट काढले की शाफ्टचं पुढचं टोक आपल्याच वजनाने खाली लोंबतं. बहुतेक जण त्या लोंबत्या फ्लँजला इंजिन जुळवतात, फट शून्य दाखवतात आणि पैसे घेऊन जातात. मला या कामात सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच, कारण माप बरोबर दिसतं आणि बोट तरीही थरथरते. शाफ्टला त्याच्या खऱ्या उंचीवर धरायला हवं. त्यासाठी आधी ग्लँड सैल करा, नाहीतर पॅकिंग शाफ्टला एका बाजूला दाबून धरतं. मग पुढच्या बेअरिंगपासून फ्लँजपर्यंत शाफ्टचा जो तुकडा अधांतरी आहे, त्याचं अर्धं वजन आणि फ्लँजचं पूर्ण वजन अशी बेरीज करा. ५० मिलिमीटर जाडीचा पोलादी शाफ्ट मीटरला साधारण साडेपंधरा किलो भरतो. म्हणजे मीटरभर शाफ्ट अधांतरी आणि फ्लँज आठ किलोची असेल, तर पावणेसोळा किलो. जेट्टीवर मासळी तोलायचा टांगता काटा असतोच. तो वर बांधून फ्लँजजवळ दोरी घाला आणि काटा तेवढं वजन दाखवेपर्यंत शाफ्ट उचला. आता जिथे आहे, ती त्याची जागा.

दोन्ही फ्लँज जवळ आणा. एकीचा खांदा दुसरीच्या खाचेत हाताने सरकायला हवा. सरकत नसेल तर इंजिन वरखाली किंवा बाजूला हवंय. हातोडा घेऊ नका. मग फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. फ्लँजच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक चालतो: १५० मिलिमीटरच्या फ्लँजला ०.१५ मिलिमीटर. नंतर फक्त शाफ्टची फ्लँज पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट फ्लँजबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा आहे किंवा फ्लँज, आणि मग इंजिन हलवत बसण्यात अर्थ नाही. ती जागच्या जागी राहिली तर इंजिन वाकडं.

हलवायचं कुठे, हा गोंधळ नेहमीचा. नियम एकच: फट जिकडे, इंजिनाचं तोंड तिकडे. वर फट जास्त, तर पुढची बाजू उचला. डावीकडे जास्त, तर पुढची बाजू डावीकडे. किती? फटींमधला फरक भागिले फ्लँजचा व्यास, गुणिले पुढच्या-मागच्या माउंटमधलं अंतर. ०.३ चा फरक, १५० ची फ्लँज आणि ७५० चं अंतर असेल तर दीड मिलिमीटर. पुढची बाजू उचलली की मागची फ्लँज थोडी खाली जाते, म्हणून उंची परत बघायची. पहिल्या फेरीत जमत नाही. आधी वरखाली पूर्ण करा, मग डावंउजवं. दोन्ही एकदम धरलंत तर संध्याकाळपर्यंत गोल गोल फिराल.

"बोल्ट आवळले की येतं लायनीत" असं सांगणाऱ्याला बोटीवर चढू देऊ नका. आवळल्याने फ्लँज चिकटतात, ताण मात्र बेअरिंगवर जातो. रबरी कपलिंग आहे म्हणून चालेल, हेही खरं नाही. रबर धक्के पचवतं, वाकडेपणा नाही.

माउंटचे लॉकनट आवळून झाल्यावर पुन्हा चारी बाजू मोजा. आवळताना इंजिन सरकतंच. कपलिंगला नवे हाय टेन्साइल बोल्ट आणि लॉक वॉशर. ग्लँड असा घट्ट करा की शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी येत राहील. समुद्रातल्या पहिल्या फेरीत दर तासाला ग्लँडला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बोट परत आली की बोल्ट काढून एकदा फट तपासा, लाकडी बोटीत तर दोनदा.