ब्लेड उचलण्याआधी: शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पायांचं काम शिकताना

ठाणे जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर घोडबंदर रोड येतो. पण आसनगाव स्टेशनवर उतरून जीपने आत गेलं, की पायांच्या तक्रारी थेट शेतीच्या हंगामावर चालताना दिसतात. जून-जुलैत भाताची लावणी असते, दिवसभर पाय चिखलात असतात आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, टाचा फुटतात. त्याच सुमारास कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. काटे मोडणं आणि बांधावरून घसरून पाय मुरगळणं बारमाही. फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवण्याचं शास्त्र) शिकून या भागात पायांचं काम करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत. उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही यातलं बरंचसं लागेल.

आधी व्यवसायाबद्दल. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या यादीत पोडियाट्रिस्ट, म्हणजे पावलांच्या विकारांचा तज्ज्ञ, हा व्यवसाय आहे. तरी गावपातळीवर हे काम वेगवेगळ्या पदव्यांची माणसं मिळून करतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपली हद्द लेखी ठरवून घ्या: घट्टे कोण तासणार, औषध कोण लिहून देणार, नखाची छोटी शस्त्रक्रिया कुठे होणार. फिजिओथेरपिस्टने इंजेक्शन द्यायचं नाही. ब्लेड चालवायचं असेल, तर रीतसर प्रशिक्षण घेऊन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. चपला, इनसोल आणि स्प्लिंटमध्ये रस असेल तर मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था माहीत असायला हवी. तिथे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचं शिक्षण मिळतं.

नवख्यांच्या हातून सर्वात मोठी चूक होते ती क्रमात. समोर टाचेला जाड घट्टा दिसतो, हातात ब्लेड असतं, पेशंटला लगेच बरं वाटणार असतं, आणि हात पुढे जातो. आमच्याकडे नियम एकच आहे: संवेदना आणि नाडी तपासल्याशिवाय पायाला कुठलंही हत्यार किंवा औषध लावायचं नाही. दुखणारा पाय स्वतः ओरडून सांगतो. बधिर पाय काहीच सांगत नाही, आणि शेवटी पाऊल कापण्याची वेळ बहुतेक त्याच्यावरच येते.

तपासणीसाठी पेशंटला स्टुलावर बसवा, दोन्ही चपला काढायला लावा आणि दोन्ही पाय पाहा, तक्रार एकाच पायाची असली तरी. चिखलाचे पाय आधी धुऊन पुसून घ्या. आता विचारा, "मावशी, चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि कळतच नाही, असं होतं का?" या एका प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "पायाला मुंग्या येतात का?" या प्रश्नापेक्षा जास्त सांगून जातं.

संवेदनेसाठी 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, वापरा. आधी तो हातावर टेकवून पेशंटला स्पर्श कसा असतो ते कळू द्या, मग डोळे मिटायला सांगा. अंगठ्याचा गर, अंगठ्याच्या बुडाशी चवड्याचा उंचवटा आणि करंगळीच्या बुडाशी चवड्याचा उंचवटा, अशा तीन जागा. तंतू उभा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि काढायचा, सगळं मिळून दोन सेकंद. प्रत्येक जागी दोनदा खरा स्पर्श आणि एकदा नुसताच प्रश्न, तंतू न लावता. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर ती जागा ठीक. घट्ट्यावर तंतू लावू नका. जाड कातडीमुळे चांगला पायही बधिर वाटतो. एका बैठकीत साधारण दहा पेशंट झाले की तंतू मऊ पडतो, त्याला 24 तास विश्रांती द्यावी लागते. शिबिराला जाताना दोन-तीन तंतू न्या.

तंतू नसेल तरी अडत नाही. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर तो पाय धोक्यातला धरा. ही पद्धत आशाताईंना शिकवायला दहा मिनिटं लागतात.

नाडी दोन ठिकाणी. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलायला लावला की दोरीसारखी जी कंडरा ताणते तिच्या लगत, करंगळीच्या बाजूला. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांतही जन्मतः लागत नाही, म्हणून घोट्यामागच्या नाडीला जास्त महत्त्व द्या. जोरात दाबलं की नाडीच बंद होते आणि आपल्याच बोटांतली लागते. बोटं हलकी ठेवा. तिशी-चाळिशीतला विडी ओढणारा माणूस रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप येत नाही म्हणाला आणि नाडी लागली नाही, तर ते साधं पायदुखणं नव्हे. त्याला रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवा. त्याचं नख किंवा घट्टा काढू नका, जखम भरणार नाही.

संवेदना आणि नाडी ठीक असतील, तर रोजच्या तक्रारींवर हात चालवायला हरकत नाही.

घट्टा आणि कुरूप तासण्यापूर्वी 10 मिनिटं कोमट पाण्यात पाय भिजवा, पुसा, स्पिरिट लावा. डाव्या हाताने कातडी ताणून धरा आणि 3 नंबरच्या दांड्याला 15 नंबरचं ब्लेड लावून ते जवळपास आडवं ठेवा, भेंडीचे पातळ काप काढावेत तसे पापुद्रे निघाले पाहिजेत. गुलाबी रंग दिसू लागला की थांबा. ब्लेड उभं धरलं की खड्डा पडतो. कोरडा घट्टा तासला तर ब्लेड उडी मारतं. कुरुपाचं मूळ एकाच भेटीत पूर्ण काढायचा हट्ट नको. घट्ट्याखाली काळपट-लाल डाग दिसला, तर आत रक्त साकळलेलं आहे आणि जखम तयार होते आहे असं धरा. वापरलेलं ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. हत्यारं 121 अंशांवर, 15 पौंड दाबाला, गुंडाळलेली असतील तर 30 मिनिटं. उकळत्या पाण्यात बुडवून काढणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

कुरूप म्हणून आलेली गोष्ट कधी कधी चामखीळ असते. सरळ दाबल्यावर जास्त दुखतं ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते ती चामखीळ. चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटतात आणि तासल्यावर सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात. तिथे ब्लेड थांबवा.

तासून झाल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. दाब तसाच राहिला तर कुरूप परत येणार. पेशंटची चप्पल उलटी करून बघा: कुठे झिजली आहे, खिळा वर आला आहे का, पट्टा कुठे रुततो. 5 ते 7 मिलिमीटर जाडीच्या फेल्टचा तुकडा घोड्याच्या नालाच्या आकारात कापा आणि कुरूप मोकळ्या भागात येईल असा चिकटवा. फेल्ट कुरुपावरच चिकटवला की दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असतं. बधिर किंवा मधुमेही पायावर त्या पट्ट्या चांगली कातडीही जाळतात आणि पेशंटला ते कळत नाही.

भेगांसाठी गावात बिब्बा भरतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि भेगेची जखम होते. हे सांगताना रागावू नका. त्याऐवजी काय करायचं ते हातात द्या. कोकमाच्या बियांचं तेल, आपल्याकडचं भिरंडेल, यासाठी उत्तम आहे आणि बाजारात मिळतं. रात्री पाय 10-15 मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, सुटलेली कातडी वजरीने हलकी घासायची, पाय पुसल्यावर ओलसर असतानाच भिरंडेल किंवा व्हॅसलिन लावायचं, वर सुती मोजे. जाड टाचांना 10 ते 25 टक्के युरियाचं मलम जास्त उपयोगी, पण रक्त येणाऱ्या उघड्या भेगेत ते झोंबतं. तिथे आधी व्हॅसलिन. उपचार दोन-तीन आठवडे रोज केला तरच फरक दिसतो, आठवड्यातून एकदा केल्याने काही होत नाही.

चिखल्यांच्या बाबतीत "चिखलात जाऊ नका" हा सल्ला देऊ नका. लावणी थांबत नाही, आणि गमबूट खाचरातल्या चिखलात रुतून बसतो. कामाला जाण्यापूर्वी बेचक्यांत तेलाचा किंवा व्हॅसलिनचा थर, घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुणं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक बेचकं फडक्याने कोरडं करणं. बुरशी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टर्बिनाफाइन 1 टक्का एक ते दोन आठवडे, किंवा क्लोट्रिमाझोल चार आठवडे. खाज थांबली की लोक मलम सोडतात, आणि पुन्हा तेच. दुकानदाराने दिलेल्या ट्यूबवर बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर ती बंद करायला सांगा: स्टिरॉइडने लाली दबते, बुरशी पसरत राहते. पाय फुटलेले, ताप आणि पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, असा पेशंट पावसाळ्यात आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

काटा मोडला की धनुर्वाताची लस विचारा. मळकी जखम आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटलेली असतील तर टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) डोस लागतो. बाभळीचा काटा एक्स-रेवर दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. "एक्स-रे साफ आहे" म्हणून पेशंटला घरी पाठवू नका. काटा लागून महिने लोटल्यावर न दुखणारी सूज, त्यातून छिद्रं आणि छिद्रांतून काळे किंवा पिवळट दाणे येत असतील, तर तो मदुरा फूट, म्हणजे काट्यावाटे आत गेलेल्या बुरशीचा किंवा जंतूंचा जुनाट संसर्ग, असू शकतो. गॉजवर दाणे जमा करून बायोप्सीसाठी पाठवायचं.

मुरगळलेल्या घोट्याला मालीश आणि बांबूच्या पट्ट्या हाडवैद्याकडे आधीच झालेल्या असतात. तरी तपासणी तीच. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाची मागची कड खालच्या टोकापासून वर 6 सेंटिमीटर दाबून पाहा, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमधचा हाडाचा उंचवटा दाबा, पावलाच्या आतल्या कमानीवरचं हाड दाबा. यांपैकी कुठे हाडावर दुखलं, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. अगदी लहान मुलांत या नियमावर विसंबू नका. क्रेप बँडेज बोटांच्या बुडापासून वर, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्यावर, बोटांची टोकं उघडी. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्याची घडी 15-20 मिनिटं. दुखणं सोसेल तसं दोन-तीन दिवसांत चालायला लावा. पुढे एका पायावर 30 सेकंद तोल सांभाळण्याचा सराव. हा सराव वगळला की तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

टाचदुखीत सकाळचं पहिलं पाऊल सर्वात जास्त दुखतं. पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, 10 सेकंद, 10 वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप अंथरुणातून उठण्याआधी. एक्स-रेवर दिसणारं वाढलेलं हाड हे सहसा कारण नसतं, हे समजावून सांगा.

आता बधिर पाय. मधुमेह आणि कुष्ठरोग, दोन्ही या भागात भेटतात. कुष्ठरोगात आतल्या घोट्यामागची नस बोटाखाली जाड लागते, आणि गुडघ्याखालची बाहेरची नस बाधित झाली तर पाऊल लटकू लागतं. पाऊल लटकायला लागून सहा महिने झाले नसतील तर हे तातडीचं प्रकरण आहे. वेळेत स्टिरॉइड मिळालं तर ताकद परत येऊ शकते. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत असतो, सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलाही मिळतात. चपलेला मागचा पट्टा हवा आणि खिळा एकही नको. बधिर पायाच्या माणसाला रोज संध्याकाळी घरच्यांनी तळवे पाहायला शिकवा, आणि चप्पल घालण्याआधी झटकायला. शेक, गरम पाणी, चुलीजवळ पाय, तिन्ही बंद.

मधुमेही माणसाचं एकच पाऊल गरम, लाल, सुजलेलं, पण फारसं दुखत नाही आणि जखमही नाही: शार्कोचा, म्हणजे बधिर पावलातली हाडं-सांधे मोडत जाण्याच्या आजाराचा, विचार करा. दोन पावलांच्या तापमानात 2 अंश सेल्सिअसहून जास्त फरक हाताच्या पाठीलाही जाणवतो. पाय पाच-दहा मिनिटं उंचावर ठेवल्यावर लाली ओसरली तर जंतुसंसर्गापेक्षा शार्कोची शक्यता जास्त. सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो. त्या पायावर वजन टाकणं त्याच क्षणी बंद, पाठवायचं ते गाडीने. बसस्टॉपपर्यंत चालत नाही.

पुन्हा कधी बोलवायचं? संवेदना आणि नाडी ठीक असतील तर मधुमेह्याला वर्षातून एकदा. दोन्हींपैकी एक बिघडलेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, दोन्ही बिघडल्या किंवा एकीला पावलाच्या व्यंगाची जोड असेल तर तीन ते सहा, आणि आधी जखम किंवा बोट कापलेलं असेल तर एक ते तीन महिन्यांनी. तारीख लावणीच्या आठवड्यात देऊ नका, कोणी येत नाही. आठवडी बाजाराचा दिवस धरा.

रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीत कुठला पाय, नाडी लागते का, किती जागी स्पर्श कळत नाही, जखमेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, जखमेत निर्जंतुक सळई हलकेच घातली तर आत हाड लागतं का, शेवटची साखर आणि लसीची तारीख लिहा. नुसतं "पायाला जखम" लिहिलं तर पेशंट दिवसभर रांगेत बसून मलम घेऊन परत येतो. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला हीच माहिती लिहिलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, भट्टी कुठल्या गावात आहे ते विचारून तिथल्या आरोग्य केंद्राचं नाव मागे लिहा, आणि तिथल्या आशाताईंना निघण्याआधीच फोन करा.