मगातले चहाचे डाग: आधी आंबट, नंतर सोडा

डाग पडलेला मग कोरडा करून हातात घ्या आणि आतल्या तपकिरी थरावरून नख फिरवा. नख अलगद घसरलं, तर तो नुसता चहा-कॉफीचा रंग आहे. नख खरखरलं, तर रंगाच्या जोडीला पाण्यातले क्षारही बसलेत. एवढं कळलं की निम्मं काम झालं, कारण या दोन डागांना लागणारी औषधं वेगळी आहेत.

चहा तुरट लागतो तो त्यातल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे. हीच द्रव्यं हवा लागून गडद होतात आणि वाळली की भांड्याला चिकटून बसतात. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर आणखी एक गोष्ट घडते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा कोरा चहा कपात पाच-दहा मिनिटं तसाच ठेवून बघा. वर पातळ, चकचकीत पापुद्रा धरतो. त्यात दूध नाही, तेव्हा ती साय नव्हे. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो तयार होतो. चहा घोटाघोटाने खाली उतरतो तसा हा पापुद्रा कडांना लागत जातो, म्हणून मगात एकाखाली एक वलयं दिसतात. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की तो धरतच नाही, आणि डाग काढायची युक्तीही इथेच आहे: क्षार आंबटाला शरण जातात.

आमच्या घरी धरणाचं पाणी येतं तेव्हा मग कितीतरी दिवस स्वच्छ राहतात. एप्रिल-मे महिन्यांत टँकर सुरू झाला की आठवड्याभरात थर दिसू लागतो. चहा तोच, पावडर तीच, घासणारे हातही तेच. त्यामुळे डाग दिसला की भांडी घासणाऱ्या बाईंना बोल लावण्याआधी नळाच्या पाण्याकडे बघावं.

डाग गुळगुळीत असेल तर

खायचा सोडा पुरतो. मग ओला करून पाणी ओतून टाका, आत एक चमचा सोडा घाला आणि त्यावर जेमतेम काही थेंब पाणी. दाटसर लेप झाला पाहिजे. पातळ झाला तर सोडा नुसता वाहून जातो. ओलं सुती फडकं बोटाला गुंडाळून हा लेप गोल गोल चोळा, दहा मिनिटं राहू द्या, पुन्हा एकदा चोळून धुऊन टाका. कान जिथे मगाला जुळतो त्या खाचेत आणि बुडाच्या कोपऱ्यात फडकं पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश वापरा.

सोड्याने चिनीमातीच्या मगाची चकाकी जाईल का, ही भीती अनेकांना असते. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोस (Mohs) नावाची मोजपट्टी आहे, 1 ते 10 अशी. सोडा तिच्यावर 2.5 च्या आसपास येतो आणि मगावरची झिलई साधारण 5 ते 6 वर. म्हणजे सोडा डाग खरवडतो, झिलईला ओरखडा पाडत नाही. मीठही तितकंच मऊ आहे, सोडा नसेल तर बारीक मीठ चालेल. राखेचं मात्र तसं नाही. आपल्या आज्या राखेने भांडी लखलखीत करायच्या, पण ती भांडी पितळेची. राखेत वाळूचे खडे असतात आणि ते झिलईला ओरखडतात.

तारेची घासणी तर नकोच. आईच्या सोनेरी काठाच्या एका कपावर मी ती एकदा वापरली. डाग गेला, सोबत काठावरचं सोनंही गेलं. त्या कपाकडे बघितलं की अजून वाईट वाटतं. सोनेरी काठाचे, हाताने रंगवलेले कप फक्त मऊ फडक्याने आणि साध्या साबणाने पुसावेत. आंबट पाण्यात भिजवूही नयेत.

डाग खरखरीत असेल तर

इथे दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा.

पहिली आंबटाची. मगात एक चमचा लिंबूसत्व घालून काठापर्यंत गरम पाणी भरा आणि अर्धा तास विसरून जा. किराणा दुकानात लिंबूसत्व सहज मिळतं. ते नसेल तर अर्धा मग पांढरं व्हिनेगर आणि अर्धा मग गरम पाणी घ्या. नुसत्या लिंबाच्या फोडीने चोळूनही थोडं काम होतं, पण जुन्या थराला भिजायला वेळच द्यावा लागतो. अर्ध्या तासाने पाणी ओता आणि पुन्हा नख फिरवा. खरखर गेली असेल, रंग मात्र थोडा उरला असेल. घाबरू नका, तो पुढच्या पायरीत जातो.

आता मग साध्या पाण्याने नीट विसळा. त्यानंतरच दुसरी पायरी: दोन चमचे खायचा सोडा, वर कडकडीत पाणी, आणि एक तास. थोड्याच वेळात पाणी तपकिरी होऊ लागेल. तो सुटलेला चहा आहे. सोड्याने चहाचा रंग गडद होतो, म्हणून पाणी जास्तच काळं दिसतं. तासाभराने फडक्याने पुसलं की पांढरा तळ वर येतो.

सोडा आणि लिंबू एकत्र ओतायची पद्धत फार पसरली आहे. फसफसून फेस येतो आणि काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि सोडा डागाला सोडून एकमेकांशीच भिडलेले असतात आणि दोघांचाही जोर तिथेच संपतो. एकामागून एक वापरलेत तर दोघंही आपापलं काम करतात.

कॉफीच्या डागात थोडं तेलही असतं, म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने मग धुवा आणि नंतर सोडा लावा. तो चहापेक्षा लवकर निघतो.

तरीही न हटणारा डाग

घरात कुणाची कवळी असेल तर ती स्वच्छ करायच्या गोळ्या असतातच. गरम पाणी भरलेल्या मगात एक गोळी टाका आणि रात्रभर ठेवा. त्यातला ऑक्सिजन सोडणारा घटक रंगच फिका करतो. सकाळी दोन-तीन पाण्यांनी विसळून घ्या.

संडास साफ करायचं ॲसिड मगाला लावू नका. ब्लीच आणि कुठलंही आंबट, मग ते लिंबू असो की व्हिनेगर, कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो घातक ठरतो.

स्टीलच्या मगाला किंवा थर्मासला ब्लीच चालत नाही, स्टीलला बारीक खड्डे पडतात. थर्मासात एक मोठा चमचा सोडा घालून उकळतं पाणी भरा आणि झाकण न लावता रात्रभर ठेवा. झाकणातली रबरी चकती काढून वेगळी धुवा, वास बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो. मेलामाइनच्या कपांना कोमट पाणी आणि सोडा एवढंच. घासून पृष्ठभाग खडबडीत झाला की पुढचा डाग आणखी घट्ट बसतो.

मगात केसासारख्या बारीक तपकिरी रेषांचं जाळं दिसत असेल, तर झिलईला तडे गेलेत आणि चहा आत मुरलाय. तो पुरता निघत नाही. असा मग पेनं ठेवायला घ्या. चमच्याने ढवळून पडलेल्या करड्या रेघा मात्र डागही नव्हेत, तडेही नव्हेत. ती चमच्याची घासून लागलेली धातू आहे, सोड्याच्या लेपाने त्या फिकट होतात.

पुन्हा डाग पडू नये म्हणून एकच सवय पुरते: शेवटचा घोट झाला की मग लगेच विसळा, आणि ते जमत नसेल तर निदान पाणी भरून ठेवा. वाळू दिलं नाही की थर धरत नाही.

आणि सोड्याचं ते तपकिरी पाणी लगेच ओतून देऊ नका. चहाची स्टीलची गाळणी त्यात तासभर बुडवून ठेवा. जाळीच्या भोकांत अडकलेला काळा थर सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी चहा भराभर गाळला जातो.